गॅस महागला, पण पैसा नेमका जातो कुठे?

गॅस, पेट्रोल किंवा डिझेलचा भाव वाढला की स्टँडवर चार दिवस त्याचीच चर्चा चालते. सरकारला बोल लावले जातात, युनियनचे पुढारी निवेदन देतात, वर्तमानपत्रात त्यांचा फोटो येतो आणि पाचव्या दिवशी जो तो आपली गाडी घेऊन रस्त्याला लागतो. वाढलेला भाव मात्र रोज खिशातून जातच राहतो. आमच्या वाचकांत रिक्षा, टॅक्सी, टेम्पो आणि ट्रकवर घर चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आज थोडी आकडेमोड करीत आहोत. वही-पेन घेऊन बसल्यास अधिक चांगले.

प्रथम मुंबईच्या रिक्षाचे उदाहरण घेऊ. समजा एक रिक्षा दिवसाला १३० किलोमीटर फिरते आणि ४ किलो सीएनजी घेते. या १३० पैकी ८० किलोमीटर प्रवासी बसलेला असतो, उरलेले ५० किलोमीटर ती रिकामी धावते.

१ मार्च २०२१ रोजी किमान भाडे १८ वरून २१ रुपये झाले आणि पुढचा दर किलोमीटरला १४.२० रुपये ठरला. त्या वेळी गॅस किलोला ५० रुपयांच्या आत होता. पुढे काय झाले ते पाहा. १ एप्रिल २०२२ ला राज्य सरकारने सीएनजीवरील कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, भाव ६० रुपयांवर उतरला आणि सर्वांना हायसे वाटले. पण तो महिना संपता संपता भाव ७६ झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला ८६, नंतर जरा उतरून ८०. १ ऑक्टोबरला भाडेवाढ मिळाली, किमान २३ रुपये आणि किलोमीटरला १५.३३. तीन-चार दिवस झाले नाहीत तोच गॅस पुन्हा ८६ वर गेला.

आता गणित करू. गॅस किलोमागे ३६ रुपयांनी वाढला, म्हणजे ४ किलोला दिवसाचे १४४ रुपये जास्त. भाडे किलोमीटरमागे १.१३ रुपयांनी वाढले, म्हणजे ८० किलोमीटरला सुमारे ९० रुपये जास्त. भाडेवाढ होऊनही दिवसाला ५४ रुपयांचा खड्डा राहिला. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,४०० रुपये. मुलाच्या शिकवणीची फी यातच गेली.

१ फेब्रुवारी २०२५ ला भाडे पुन्हा वाढले, किमान २६ आणि किलोमीटरला १७.१४. त्या वेळी गॅस ७८ रुपये होता, म्हणजे २०२२ पेक्षा स्वस्त. तेव्हा हा खड्डा बुजला आणि वर काही उरले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र मधली अठ्ठावीस महिने रिक्षावाल्याने जुन्याच दरात काढली. गॅसचा भाव रातोरात बदलतो; भाडे बदलायला समितीची बैठक लागते, मग मीटरची दुरुस्ती. हे अंतर कुणी भरून देत नाही.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की भाव उतरतो तेव्हा जागे राहा. एप्रिल २०२३ मध्ये गॅस ८७ वरून ७९ वर आला. ४ किलोमागे रोजचे ३२ रुपये वाचले. ते कुठे गेले, असे आम्ही बऱ्याच जणांना विचारले. कुणालाच सांगता आले नाही. ते वेगळ्या डब्यात पडले असते तर महिन्याला ८३२ रुपये जमले असते आणि पुढच्या दरवाढीत उधारी करावी लागली नसती.

रिकामा किलोमीटर

आता खरा मुद्दा. वर धरलेल्या रिक्षाला ८० रुपये भावाने दिवसाचा ३२० रुपये गॅस लागतो. १३० किलोमीटरवर वाटला तर किलोमीटरला अडीच रुपयांच्या आत. पण पैसे फक्त ८० किलोमीटरचे मिळतात. त्यावर वाटला तर बरोबर ४ रुपये. गॅस किलोमागे ५ रुपयांनी वाढला तर दिवसाचा बोजा २० रुपये होतो. आणि रिकाम्या फिरण्यातले १५ किलोमीटर भाड्याचे झाले तर १७.१४ च्या दराने २५७ रुपये हाती येतात, तेही तेवढ्याच गॅसमध्ये. दरवाढीचा राग रास्त आहे. पण २० रुपयांसाठी जेवढे बोलतो, त्याच्या निम्मा विचारही आपण या २५७ रुपयांचा करीत नाही.

आमच्या ओळखीचे कुर्ल्याचे एक चाचा आहेत. तीस वर्षे रिक्षा चालवतात. सकाळी कुर्ला स्टेशनवरून वांद्रे-कुर्ला संकुलात भाडे घेऊन जायचे आणि रिकामे परत यायचे, असा त्यांचा क्रम होता. सकाळी त्या बाजूने परत येणारे कोण असणार? आम्ही त्यांना पंधरा दिवस वहीत दोनच आकडे लिहायला सांगितले, मीटर पडलेले किलोमीटर आणि काट्यावरचे एकूण किलोमीटर. चाचा आधी हसले. "तीस साल में वही नहीं लिखी, अब क्या लिखूँ?" पण नातीने रोज रात्री विचारून लिहून ठेवले. पंधराव्या दिवशी त्यांच्याच लक्षात आले, की सकाळचे निम्मे फिरणे फुकटचे आहे. आता ते संकुलातून कुर्ल्याला न परतता वांद्रे पूर्व स्टेशनकडे जातात. तिथेही संकुलात येणाऱ्यांची रांग असते. हा शोध मोठा नाही, पण वही नसती तर तो लागला नसता.

गॅसच्या रांगेचाही हिशेब यातच धरावा. रांगेतला एक तास म्हणजे दोन-तीन भाडी. गर्दीच्या वेळी पंपावर दाब कमी असला तर टाकी पूर्ण भरत नाही आणि संध्याकाळी पुन्हा रांग लावावी लागते. पहाटे किंवा रात्री उशिरा भरणाऱ्यांना हा त्रास कमी होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये आरसीएफच्या आवारात मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली आणि मुंबईभर पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा पेट्रोलच्या टाकीत थोडे पेट्रोल ठेवणाऱ्यांचाच धंदा चालू राहिला.

शिफ्टवर चालवणाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि अधिक कठीण आहे. मालकाला ठरलेले पैसे द्यायचे आणि गॅस स्वतः भरायचा. दरवाढ पूर्ण चालकावर पडते आणि भाडेवाढ झाली की मालक लगेच शिफ्टचे पैसे वाढवतो. मालक वाचकांना आम्ही स्पष्टच सांगू. मागचे महिने चालकाने एकट्याने सोसले असतील, तर भाडेवाढीचे पहिले तीन-चार महिने तरी त्याला मिळू द्या. चांगला चालक सोडून गेला, तर दुसऱ्याच्या हातात क्लचप्लेट किती दिवस टिकते हे मालकांना ठाऊक आहेच.

काही जण दरवाढीला भलत्या वाटेने तोंड देतात. घरगुती सिलिंडरमधून गॅस भरणे, पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळणे, मीटरमध्ये फेरफार करणे. पहिल्यात जीव जातो, दुसऱ्यात इंजिन आणि तिसऱ्यात परवाना. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी टाळणारेही आहेत. त्या टाकीत दोनशे बारच्या आसपास दाब असतो. तिथे पैसे वाचवू नयेत.

गाडीच्या निगेबद्दल थोडक्यात. चाकांतली हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा. क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय सोडा. लांबच्या सिग्नलला इंजिन बंद करा. एअर फिल्टर आणि प्लग वेळेवर बदला. हे सर्वांना माहीत आहे आणि फार थोडे करतात.

ज्यांची गाडी पेट्रोलवर आहे, ते गॅसची किट बसवावी का असे विचारतात. शेजाऱ्याने बसवली म्हणून बसवू नका. लिटरला १०३.५० रुपये भावाने, १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला पेट्रोल किलोमीटरला ६.९० रुपये पडते. किलोला ७८ रुपये भावाने, २० किलोमीटर देणाऱ्या गॅसला ३.९० रुपये. वाचले ३ रुपये. किटचा खर्च ६० हजार धरला, तर तो वसूल व्हायला २० हजार किलोमीटर लागतात. रोज १०० किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे दोनशे दिवसांत वसूल होतील. दुकान ते घर रोज २५ किलोमीटर करणाऱ्याला आठशे दिवस लागतील. आकडे आपल्या गावच्या भावाने बदलून घ्या, रीत हीच.

ट्रकवाल्यांसाठी

ट्रकचा हिशेब मोठा, पण जात तीच. रिकामा परत आलेला ट्रक दोन्ही बाजूंचे डिझेल एकाच भाड्यातून खातो. म्हणून परतीचा माल मिळणार नसेल तर जातानाचे भाडे त्या हिशेबानेच बोला. बृहन्मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या पालिकांच्या हद्दीत डिझेलवर २४ टक्के कर होता, तो १ जुलै २०२४ पासून २१ टक्के झाला. तोपर्यंत जाणते चालक हद्दीबाहेर टाकी भरून मगच आत येत. राज्याराज्यांतला फरक आजही पाहण्यासारखा असतो. फक्त त्यासाठी वीस किलोमीटरचा वळसा घालू नये.

कसारा किंवा बोर घाटात उतारावर गाडी न्यूट्रल करणारे अजून आहेत. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की डिझेल जवळजवळ बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतेच. म्हणजे बचत तर नाहीच, आणि ब्रेक तापून घाटात काय होते ते सांगायला नको.

मोठ्या वाहतूक कंपन्या वर्षाच्या करारात एक कलम घालून घेतात, की डिझेलचा भाव ठरावीक टक्क्यांहून वाढला तर भाडेही त्या प्रमाणात वाढेल. एका ट्रकचा मालक ते मागायला लाजतो, किंवा काम जाईल म्हणून घाबरतो. करार करताना त्या दिवसाचा डिझेलचा भाव कागदावर लिहून घ्या आणि खाली एवढे एकच वाक्य टाका: "डिझेल लिटरमागे पाच रुपयांनी वाढल्यास किंवा उतरल्यास भाडे दोघांनी बसून पुन्हा ठरवावे." उतरल्यास हा शब्द गाळू नका. तो असला की समोरचा व्यापारी सही करायला सहसा नाही म्हणत नाही.