ज्याच्या हातीं मूल

आईबापांनीं मुलांवर माया करावी हें शिकविण्यास कायद्याची गरज नाहीं, अशी आपणां सर्वांची समजूत असते. आणि बहुतेक घरांपुरती ती खरीही आहे. परंतु जीं थोडीं घरें ह्या नियमास अपवाद ठरतात, त्यांतील मुलांस जाण्यास दुसरें घर नसतें. भरविणारा हात आणि मारणारा हात एकच असेल, तर त्या मुलानें तक्रार घेऊन जावें तरी कोणाकडे? ह्याकरितां फौजदारी कायद्यानें घराच्या उंबरठ्याआंत कोठवर पाऊल टाकलें आहे, हें विद्यार्थ्यांस व पालकांस ठाऊक असावें, म्हणून आम्ही हा विषय निवडला आहे.

आपल्या देशाची दंडसंहिता १८६० सालीं तयार झाली व १८६२ च्या आरंभापासून अमलांत आली. तिच्या ३१७ व्या कलमानें असें ठरविलें कीं, बारा वर्षांखालील मुलास त्याच्या आईनें, बापानें अथवा सांभाळ करणारानें कायमचें टाकून देण्याच्या इराद्यानें कोठें सोडल्यास सात वर्षांपर्यंत कैद व्हावी. हेतु निर्विवाद चांगला होता. पण त्या काळीं हें कलम कोणाच्या वाट्यास यावयाचें? विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं झालेला असला, तरी समाजानें तो मनावर घेतला नव्हता. घरांतील एखादी तरुण विधवा फसविली गेली, म्हणजे मूल टाकणें किंवा त्याहून भयंकर असें कांहीं करणें, एवढेच मार्ग तिला दिसत. मुलाचा बाप मात्र कायद्याच्या व लोकांच्या नजरेआड सुखानें राही. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या ब्राह्मण विधवेस बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. अपिलांत ती कमी होऊन काळें पाणी ठरलें. ह्या खटल्याविषयीं वर्तमानपत्रांत जें लिहून आलें, त्याच्या संतापानें बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें.

नुसत्या शिक्षेच्या भीतीनें मुलें वांचत नाहींत, हें आपल्याकडील कांहीं थोर मंडळींनीं त्यापूर्वींच ओळखलें होतें. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८६३ सालीं पुण्यास आपल्या घरीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. तेथें आश्रयास आलेल्या काशीबाईचा मुलगा यशवंत ह्यास त्यांनीं दत्तक घेतलें, व तो पुढें डॉक्टर झाला. दुसरें उदाहरण आपल्या अगदीं शेजारचें आहे. ठाकूरद्वाराच्या नाक्यावरून गिरगांव रस्त्यानें उत्तरेकडे चालूं लागलें असतां थोड्याच वेळांत ‘प्रार्थना समाज’ येतो. आपल्यापैकीं अनेकांस तें केवळ बसच्या थांब्याचें नांव वाटतें! १८६७ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या ज्या समाजाच्या मंदिरावरून हें नांव पडलें, त्याच समाजानें पंढरपूरचा अनाथ बालकाश्रम चालविला. न्यायखात्यांतील लालशंकर उमियाशंकर ह्यांनीं १८७५ सालीं त्याचा आरंभ केला. टाकलेलें मूल तेथें पाप म्हणून नव्हे, तर मूल म्हणून घेतलें जाई.

मूल टाकण्यास गुन्हा ठरविणारा कायदा असा लवकर आला. घरांत ठेवून छळण्याविषयीं मात्र तो पुष्कळ काळ मुग्ध राहिला. ही गोष्ट आपल्याच देशापुरती नव्हे. न्यूयॉर्क शहरीं १८७४ सालीं मेरी एलन नांवाच्या दहा वर्षांच्या मुलीस तिची पाळक बाई रोज मारी. एट्टा व्हीलर नांवाच्या मिशनच्या सेविकेनें कित्येक दारें ठोठावलीं, व अखेर प्राण्यांवरील क्रूरता निवारणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाची मदत घेऊन तिची सुटका करविली. इंग्लंडांत मुलांवरील क्रूरतेविरुद्ध कायदा १८८९ सालीं झाला. मुंबईंत जनावरांसाठीं अशी संस्था १८७४ सालींच निघाली होती. पण मुलांसाठींचा कायदा मुंबई इलाख्यांत व्हावयास १९२४ साल उजाडलें. बैलाची दाद मुलाच्या आधीं पन्नास वर्षें लागली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. १९२७ सालीं चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि १९४८ सालीं मुंबईचा बालकायदा नव्यानें करण्यांत आला.

आज सर्व देशास लागू असलेला कायदा म्हणजे २०१५ चा बालन्याय अधिनियम. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण त्याच्या दृष्टीनें मूल आहे. त्याचें ७५ वें कलम मूल कोणाच्या पोटचें हें विचारीत नाहीं. तें प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यांत आहे, एवढेंच पाहतें. आई, बाप, मामा, सावत्र पालक किंवा पगारी दाई, कोणीही असो. मुलास विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना होतील अशा रीतीनें त्यास मारणें, छळणें, टाकणें अथवा जाणूनबुजून त्याची हेळसांड करणें हा गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. मुलांच्या सांभाळासाठीं नेमलेल्या संस्थेच्या माणसानें हें केल्यास शिक्षा पांच वर्षांपर्यंत जाते. शाळाही ह्यांतून सुटलेल्या नाहींत, आणि शाळेच्याच अंकांत हें लपविणें बरें नव्हे: २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें छडीस व मानसिक छळास मनाई केली आहे.

‘मग मुलास शिस्त लावावयाची कशी?’ असें कांहीं पालक विचारतील. दंडसंहितेच्या जागीं १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेचें २७ वें कलम, बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठीं पालकानें सद्भावानें केलेल्या कृत्यास संरक्षण देतें खरें. पण त्यास मर्यादा आहेत, आणि रागाच्या भरांत पट्टा उचलणाऱ्यानें ‘सद्भाव’ हा शब्द दोनदां वाचावा.

टाकलेल्या मुलाविषयींचें जुनें कलम नव्या संहितेंत ९३ वें झालें आहे, शिक्षा पूर्वींचीच. मात्र शेजारीं एक दार उघडलें गेलें आहे. ज्या आईबापांस परिस्थितीमुळें मूल सांभाळणें खरोखर अशक्य आहे, त्यांनीं तें रस्त्यावर न सोडतां बालकल्याण समितीपुढें आणावें. समिति चौकशी करून, समजूत घालून तें स्वीकारते, व फेरविचारास दोन महिन्यांची मुदत देते. पंढरपुरास जें धर्मबुद्धीनें झालें, तेंच येथें कायद्याच्या ३५ व्या कलमांत आलें आहे.

राहिला प्रश्न शेजाऱ्यांचा. आमच्या ह्या भागांतील चाळींत भिंतीपलीकडील भांडें पडलेलें ऐकूं येतें, मग मुलाचें रडणें का ऐकूं येऊं नये? ‘तो त्यांचा घरचा मामला’ म्हणून दार लावून घेण्याची आपली रीत जुनी आहे. लैंगिक अत्याचाराच्या बाबतींत तर ती आतां गुन्हाच ठरते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणें असा प्रकार ठाऊक असणाऱ्या प्रत्येकानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे, आणि गुन्हेगार नातलग असल्यास शिक्षा अधिक कडक आहे. न कळविल्याचा दोष मुलांवर येत नाहीं. ही गोष्ट आमच्या बालवाचकांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावी. त्यांचें नांव वर्तमानपत्रांत छापण्यासही बंदी आहे. १०९८ हा दूरध्वनीचा क्रमांक ह्याच मुंबईंत १९९६ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयानें सुरू झाला. तो रात्रंदिवस चालतो, त्यास पैसे पडत नाहींत, आणि तो मुलानें स्वतः फिरविला तरी चालतो.