मोजलेली पाने

१९७६ च्या उन्हाळ्याची गोष्ट. नववीची परीक्षा संपली होती. पुढील वर्षाच्या पुस्तकांसाठी पैसे जमवावेत, म्हणून वह्यांचे गाठोडे सायकलवर बांधून मी नवेगावबांधच्या परिसरात दारोदार विक्रीस निघालो. हा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये निर्माण झाला.

सकाळी एका गावात पोचलो, तो सारी दारे बंद! तेंदूपानांचा हंगाम होता. माणसे पहाटेच जंगलात गेली होती. ती परतल्यावर घरोघरी पुडकी बांधणे सुरू झाले. एका पुडक्यात ७० पाने. फडीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, पुडके भरलेलेच हवे.

एका आजींनी वही हाती घेतली. "किती पानांची?"

वेष्टनावर छापले होते तेच मी सांगितले, "शंभर."

आजींना अक्षरओळख नव्हती. पण त्यांची बोटे भराभर चालली. "बाबू, कागद शेहेचाळीस. दोन्ही बाजू धरल्या, तरी ब्याण्णवच."

मी शरमलो. वह्या मी बनविल्या नव्हत्या, हे खरे. परंतु न मोजता शब्द मीच दिला होता. झाडाखाली बसून मी प्रत्येक वही मोजली, तीवर खरा आकडा लिहिला आणि किंमत उतरविली. त्या दिवशी नफा फारसा उरला नाही.

आठ दिवसांनी पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा आजींनीच शेजारणींना हाक दिली, "मोजून देणारा वहीवाला आला!"

मुलांनो, दुसऱ्याचे दार आपल्यासाठी उघडावे असे वाटत असेल, तर आपला शब्द आधी मोजून द्यावा.