आडनाव ३२, काडतुसे दोन

प्रश्न : वडिलांकडे परवान्याचे ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आहे आणि मामांकडे ३२ बोअरचेच पिस्तूल. पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये सहज बसते, असे मामा म्हणतात. मग ते त्यातून झाडायला हरकत काय?
– एक जिज्ञासू वाचक, सातारा

उत्तर : मामा म्हणतात ते खरे आहे, ते बसते. बहुतेक वेळा उडेलही. तरीही झाडू नये.

३२ हे या काडतुसांचे नुसते आडनाव समजा. आपल्याकडच्या ३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरचे काडतूस म्हणजे ‘३२ स्मिथ अँड वेसन लाँग’. ते १८९६ मधले. पिस्तुलाचे ते ‘३२ एसीपी’, म्हणजेच ७.६५ मिमी, जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास स्वयंचलित पिस्तुलासाठी आखलेले. दोन्हींच्या गोळीचा व्यास जवळपास सारखा, कवचाची जाडीही तीच. लांबीत मात्र फरक आहे. रिव्हॉल्व्हरचे कवच सुमारे २३ मिमी, पिस्तुलाचे सुमारे १७.

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. सिलिंडरच्या मागच्या बाजूवर ती टेकते, म्हणून काडतूस आत घसरत नाही. रिकामे कवच बाहेर ढकलणारा तारा याच कडेला धरतो. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक रचलेली असतात. तिथे मोठ्या कडा एकमेकींत अडकतात, म्हणून पिस्तुलाच्या बहुतेक काडतुसांना बाहेर आलेली कड नसते. ब्राउनिंग यांनी ३२ एसीपीला मात्र थोडीशी कड ठेवली. ती चहूबाजूंनी जेमतेम पाव मिलिमीटर बाहेर येते. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची जवळपास अर्धा मिलिमीटर. तेवढ्या पाव मिलिमीटरच्या आधारावर मामांचे काडतूस सिलिंडरमध्ये टिकते. पण ही कड पातळही असते, त्यामुळे काडतूस किंचित सैल राहते. घोड्याचा ठोका कधी हलका पडतो, कधी तारा कडेवरून निसटून रिकामे कवच आतच राहते.

याहून महत्त्वाचा मुद्दा दाबाचा. अमेरिकेतल्या उद्योगमानकांनुसार ३२ स्मिथ अँड वेसन लाँगचा कमाल दाब दर चौरस इंचाला १५,००० पौंड, तर ३२ एसीपीचा २०,५००. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. कवच आखूड असले तरी पिस्तुलाची गोळी हलकी आणि वेगवान असते. चांगले रिव्हॉल्व्हर एखादा बार सोसेलही, पण प्रत्येक जादा दाबाचा बार सिलिंडर आणि चौकटीवर ताण टाकतो. जुन्या शस्त्रात हा ताण कुठे आणि कधी भोवेल, ते बाहेरून दिसत नाही.

हीच गोष्ट अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर घडली. ब्रिटिश लष्कराची ४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हरे तिथे स्वस्तात विकली गेली. त्यांची काडतुसे सहज मिळत नव्हती, म्हणून सिलिंडरची मागची बाजू तासून त्यांत ४५ एसीपी ही पिस्तुलाची काडतुसे बसवण्यात आली. बसली, उडालीही. पण ४५५ चा दाब ४५ एसीपीपेक्षा बराच कमी असतो. अशी तासलेली वेब्ली पूर्ण दाबाच्या काडतुसांनी वापरू नये, असे जाणकार आजही बजावतात.

मग पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये कधीच चालत नाही का? चालते, पण रिव्हॉल्व्हर त्यासाठीच बनवलेले असेल तर. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा पिस्तुले कमी पडली. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांनी खास ४५ एसीपीसाठी रिव्हॉल्व्हरे बनवली. कड नसलेली तीन तीन काडतुसे अर्धचंद्राकृती पोलादी पट्टीत अडकवून ती भरत. त्या पट्टीने कडेचे काम केले.

दुसरी सूट एकाच घराण्यातली. ३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ३८ स्पेशल चालते, कारण गोळी तीच आणि दाब निम्म्याच्या आसपास. उलटे चालत नाही. १९३५ मध्ये मॅग्नम बाजारात आले, तेव्हा त्याचे कवच मुद्दाम सव्वातीन मिलिमीटरहून अधिक लांब ठेवले होते, ते ३८ स्पेशलच्या सिलिंडरमध्ये पूर्ण शिरू नये म्हणून. अशी अडवणूक बनवणाऱ्याने केलेली असते, तेव्हा ‘बसते की नाही’ ही कसोटी उपयोगाची ठरते. तुमच्या ३२ च्या बाबतीत कोणी ती केलेली नाही.

तेव्हा वडिलांनी शस्त्रावर कोरलेले काडतुसाचे पूर्ण नाव वाचावे आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का त्याच्याशी ताडून पाहावा. नुसता ३२ हा आकडा पुरत नाही. नाव पुसट झाले असेल तर परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराकडून चेंबर मोजून घ्यावे. आणखी एक : परवाना व्यक्तीच्या नावाने, ठरावीक शस्त्रासाठी आणि त्याच्या काडतुसांसाठी असतो. मामांची काडतुसे वडिलांकडे आली, तर बार उडण्याआधीच कायद्याची अडचण उभी राहील.