माणसाच्या मांडवातील मधमाशी

पवित्र कुरआनच्या सोळाव्या सूरहचे नावच ‘अन्-नहल’, म्हणजे मधमाशी. तिच्या ६८व्या आयतीत अल्लाहने या इवल्या जिवाला प्रेरणा दिल्याचा उल्लेख आहे आणि त्यासाठी ‘वह्य’ याच धातूचा शब्द आला आहे. तिला तीन ठिकाणी घर करण्याचा आदेश झाला: डोंगरांत, झाडांवर आणि माणसे जे उभारतात त्यात. हा तिसरा भाग आपण घाईने वाचून पुढे जातो. मूळ शब्दाच्या धातूत छप्पर उभारणे आणि वेलींसाठी मांडव घालणे, असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे आपल्या परसातील मांडवावर तिचा हक्क आपल्या परवानगीने आलेला नाही.

धानोरा परिसरातील वाचकाला ही घरे दाखवावी लागत नाहीत. आग्या मोहोळ उंच झाडाला किंवा कड्याला लोंबते. सातेरी ढोलीत वा भिंतीच्या पोकळीत राहते. याच तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने माश्या न मारता मध काढण्याची रीत अभ्यासपूर्वक घडवली. आपल्या गोंड शेजाऱ्यांकडून हे शिकण्यात संकोच कसला?

जर्मनीतील ६३ संरक्षित क्षेत्रांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन २७ वर्षांत ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. राखीव क्षेत्रांची ही कथा! घरी याची खूण भोपळ्याच्या वेलीवर दिसते. त्याची नर व मादी फुले वेगळी; मादी फुलामागील कोवळे फळ पराग न पोहोचल्यास पिवळे पडून गळते. आपण त्याला रोग समजून औषध फवारतो आणि पराग आणणारीलाच मारतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि खाटीक पक्षी यांना मारण्यास मनाई केल्याची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. तेव्हा भगिनींनो, उमललेल्या फुलांवर फवारणी करू नका. मावा दिसल्यास पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. सगळी कोथिंबीर खुडू नका, चार रोपे फुलोऱ्यावर येऊ द्या, सब्जाही लावा. कढीपत्ता व लिंबाची पाने कुरतडणाऱ्या अळ्या पुढे फुलपाखरे होतात, त्यांना थोडी पाने सोडा. अंगणात सर्वत्र फरशी घालू नका, कारण एकेकट्या राहणाऱ्या कित्येक माश्या उघड्या मातीतच बीळ करतात. उन्हाळ्यात उथळ परळात पाणी ठेवाल तर त्यात खडे टाका. बसायला जागा नसली की तहानलेली माशी त्यातच बुडते.