लॉराचे वय किती?

"आजी, तुमचे वय काय?" असे विचारले तर गावातली एखादी म्हातारी आकडा सांगत नाही. ती म्हणते, "कोयनेचा भूकंप झाला ना, तेव्हा मी पाळण्यात होते बघा." पुष्कळांना या उत्तराचे हसू येते. पण उत्तर पक्के आहे. कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी झाला. त्या दिवशी मूल पाळण्यात होते, म्हणजे जन्म १९६७ च्या आगेमागे. वर्ष-सहा महिन्यांचा फरक पडेल, दहा वर्षांचा पडणार नाही.

असाच हिशेब आज आपण गोष्टीच्या पुस्तकांवर करू. वजाबाकी येत असली म्हणजे पुरे.

ही पुस्तके अमेरिकेतली. लिहिणाऱ्या बाईंचे नाव लॉरा इंगल्स वाइल्डर. जन्म ७ फेब्रुवारी १८६७. पहिले पुस्तक छापले १९३२ साली. म्हणजे तेव्हा त्या किती वर्षांच्या? १९३२ मधून १८६७ वजा करा. पासष्ट! पासष्टाव्या वर्षी पहिले पुस्तक, आणि मग १९४३ पर्यंत आणखी सात. सहा पुस्तकांचे मिळून आठ नव्हे बरे का, एकूण आठ. त्यांतल्या सात पुस्तकांत त्यांनी आपल्याच लहानपणाची गोष्ट सांगितली आहे. एका पुस्तकात नवऱ्याच्या लहानपणाची. बाप चार्ल्स, आई कॅरोलाइन, थोरली बहीण मेरी, धाकटी कॅरी. बापाला चांगली जमीन हवी होती. छपराच्या घोडागाडीत बिऱ्हाड भरायचे आणि निघायचे, असा त्या घराचा शिरस्ता.

हिशेबाला लागण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपण म्हणतो, "पोरीला सहावे लागले." याचा अर्थ पाच पुरी झाली, सहावे चालू आहे. त्या पुस्तकांत पाच म्हटले की पाच पुरी. चालू वर्ष आणि पुरे झालेले वर्ष यांची गल्लत केली की हिशेबात एकाचा फरक पडतो. शाळेच्या दाखल्यात, पेन्शनच्या अर्जात पुष्कळांचा घोटाळा इथेच होतो.

आता पहिले पुस्तक, 'लिटल हाउस इन द बिग वुड्स'. विस्कॉन्सिन राज्यातल्या मोठ्या रानातले छोटे घर. ही साठ वर्षांपूर्वीची हकिकत, असे पुस्तकाच्या आरंभीच सांगितले आहे. पुस्तक १९३२ चे. साठ वजा केले की १८७२. लॉराचा जन्म १८६७ चा. उरले पाच. आणि पुस्तकात लॉराचा पाचवा वाढदिवस येतोच! हिशेब जमला.

दुसरी गोष्ट कॅन्ससच्या माळावरची. तीत हे कुटुंब मोठे रान सोडून माळावर जाते. कॅरी तान्ही आहे, ती आईच्या मांडीवर बसून गाडीतून जाते. मग येते तिसरी गोष्ट, मिनेसोटातल्या ओढ्याकाठची. तिथे लॉरा सात वर्षांची. म्हणजे रानात पाच, ओढ्याकाठी सात. मधे कॅन्सस, तिथे सहा धरायची. वाचणाऱ्याला सगळे सुरळीत वाटते.

पण कॅरीची जन्मतारीख पाहा. ३ ऑगस्ट १८७०. आणि जन्मठिकाण? कॅन्सस! १८७० च्या सरकारी शिरगणतीतही हे कुटुंब कॅन्ससमध्येच सापडते. आता बोला. कॅरी जर कॅन्ससमध्ये जन्मली, तर ती रानातून गाडीत बसून तिथे जाईल कशी? आणि त्या वेळी लॉरा किती वर्षांची? १८७० चा ऑगस्ट वजा १८६७ चा फेब्रुवारी. साडेतीन वर्षे, सहा नव्हे.

खरा क्रम असा होता. लॉरा जेमतेम दोन वर्षांची असताना हे लोक विस्कॉन्सिन सोडून गेले आणि कॅन्ससला पोचले. ती जमीन ओसेज नावाच्या मूळ रहिवासी लोकांची होती. गोऱ्या शेतकऱ्यांना तिथे घर बांधण्याचा हक्कच नव्हता. १८७१ साली ते परत विस्कॉन्सिनच्या रानात आले. म्हणजे आधी कॅन्सस, मग पुस्तकातले रान. बाईंनी पुस्तकांत हा क्रम उलटा केला. का केला असेल? माझ्या मते कारण साधे आहे. दोन-तीन वर्षांच्या पोरीला माळावरचे लांडगे, ओसेज लोक, बापाने रचलेले लाकडी घर एवढे सगळे कुठून आठवणार? घरातल्या मोठ्या माणसांनी सांगितले तेच तिचे झाले. गोष्टीला बघणारी, प्रश्न विचारणारी पोर हवी. म्हणून वय वाढवले.

यात कुणाचे काही बिघडले नाही. पुढच्या ठिकाणी मात्र वजाबाकी करताना हात थांबतो.

ओढ्याकाठच्या पुस्तकात लॉरा सातांची आहे, मग आठांची होते. टोळधाड येते, पीक खाऊन टाकते. त्या काळी मिनेसोटात खरोखरच वर्षामागून वर्षे टोळधाड येत होती. नंतरच्या पुस्तकात, डकोटातल्या तळ्याकाठी, लॉरा एकदम बारा वर्षांची. ते साल १८७९. १८७९ मधून १८६७ गेले, बारा उरले. इथे पुस्तकातले वय आणि खरे वय पुन्हा एक झाले. पण मधली वर्षे कुठे गेली? पुस्तकांत त्यांची हकिकत नाही.

ती वर्षे अशी गेली. १ नोव्हेंबर १८७५ रोजी लॉराला भाऊ झाला. २७ ऑगस्ट १८७६ रोजी तो वारला. मांडा वजाबाकी: नऊ महिने, सव्वीस दिवस. त्यानंतर हे कुटुंब आयोवा राज्यातल्या बर ओक गावी जाऊन राहिले. तिथे आईबापांनी एका हॉटेलात काम केले. तिथेच धाकटी ग्रेस जन्मली, २३ मे १८७७ ला. तळ्याकाठच्या पुस्तकात ग्रेस दिसते. भाऊ एकाही पुस्तकात नाही. मुलांच्या गोष्टीत तान्ह्या भावाचे मरण घालायला त्यांचे मन झाले नसावे. पण १९३० च्या सुमारास त्यांनी मोठ्या माणसांसाठी आपली हकिकत आधी लिहून ठेवली होती. ती २०१४ साली छापून निघाली. तिची सुरुवात कॅन्ससपासूनच होते, आणि भावाचे मरणही तीत आहे.

आता लॉराच्या नवऱ्याचे वय. त्याचे नाव अल्मांझो वाइल्डर. त्याच्या लहानपणाचे पुस्तक 'फार्मर बॉय' १९३३ साली निघाले. आरंभी म्हटले आहे की सदुसष्ट वर्षांपूर्वीचा जानेवारी महिना आहे, आणि अल्मांझोला नऊ पुरी व्हायला थोडे कमी आहे. १९३३ वजा ६७, आले १८६६. त्या जानेवारीत नऊला थोडे कमी, म्हणजे जन्म १८५७ चा. त्याच्या थडग्यावरही १८५७ हेच साल आहे. छान.

मग 'द लाँग विंटर' हे पुस्तक उघडा. हा १८८० सालचा भयंकर हिवाळा. बर्फाने आगगाड्या बंद पडल्या, गाव उपाशी मरायला आले. अल्मांझो जीव धोक्यात घालून गहू आणायला जातो. तेव्हा तो किती वर्षांचा? आपला हिशेब सांगतो, तेवीस. पुस्तक सांगते, एकोणीस! बाईंच्याच एका पुस्तकाने दुसऱ्याला खोटे पाडले.

हा चार वर्षांचा फरक क्षुल्लक नाही, कारण त्यात जमिनीचा प्रश्न आहे. १८६२ च्या कायद्याप्रमाणे अमेरिकेचे सरकार शेतकऱ्याला १६० एकर जमीन देत असे. पाच वर्षे तिथे राहायचे, जमीन कसायची, मग ती त्याची. पण अर्ज करणारा एकवीस वर्षांचा तरी हवा, नाहीतर कुटुंबप्रमुख हवा. पुस्तकातला अल्मांझो एकोणीस वर्षांचा, लग्न न झालेला. म्हणून तो कचेरीत आपले वय एकवीस असल्याचे लिहू देतो आणि जमीन घेतो. खऱ्या अल्मांझोने जमिनीसाठी नाव नोंदवले १८७९ साली. थडग्यावरचे साल धरले तर तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याला खोटे सांगायची गरजच नव्हती!

मग गोष्टीत नवऱ्याच्या माथी हे खोटे का आले? पुढे या दोघांचे लग्न व्हायचे आहे, म्हणून. १८८० च्या हिवाळ्यात लॉरा तेरा वर्षांची. तो तेवीस वर्षांचा म्हटला तर दहा वर्षांचे अंतर. एकोणीस म्हटला तर सहा वर्षांचे. वाचणाऱ्या मुलांना सहा बरे वाटेल, असा विचार दिसतो. पण वय कमी केले आणि जमीन तर आधीच घेतलेली. दोन्ही जुळवायला मधे एक थाप घालावी लागली. आकडा एका जागी बदलला की दुसऱ्या जागी बदलावाच लागतो. मला तरी ही थाप आवडली नाही. पुस्तक १९४० साली छापले तेव्हा अल्मांझो जिवंत होता. ते वाचून तो काय म्हणाला असेल, कुणास ठाऊक!

त्यांचे लग्न २५ ऑगस्ट १८८५ रोजी झाले. ती अठरा वर्षांची, तो अठ्ठावीस. दोघांच्या वयांत नेमके अंतर किती? त्याचा जन्म १३ फेब्रुवारीचा, तिचा ७ फेब्रुवारीचा. म्हणजे दहा वर्षांना सहा दिवस कमी.

आता पाटी घ्या आणि हे तुम्ही करा. अल्मांझो २३ ऑक्टोबर १८४९ ला नव्हे, नीट वाचा, १९४९ ला वारला. लॉरा १० फेब्रुवारी १९५७ ला वारली. मरताना दोघांची वये काय होती? पुरी वर्षे किती आणि चालू वर्ष कोणते, ते दोन्ही लिहा. उत्तर जुळवून पाहा: त्याची ९२ पुरी होऊन ९३ वे चालू होते. तिची ९० पुरी होऊन फक्त तीन दिवस झाले होते.