अरण्यातील पाहुणे

आपण दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेलो, म्हणजे त्या घरच्या चालीरीती सांभाळतो. यजमानाच्या वस्तूंना विचारल्यावाचून हात लावत नाही, आणि निघताना घर होते तसे ठेवून निघतो. परंतु ज्या घराला भिंती नाहीत, दार नाही, आणि ज्याच्या यजमानांना आपली भाषा कळत नाही, अशा घरी राहावयास जाण्याची वेळ आली, तर कसे वागावे?

कॅनडा देशाच्या ओंटारिओ प्रांतात असे एक घर आहे. टोरांटो शहराच्या उत्तरेस सुमारे 250 किलोमीटरांवर अल्गाँक्विन नावाचे विस्तीर्ण अरण्य लागते. या प्रदेशात पूर्वापार राहत आलेल्या अल्गाँक्विन लोकांवरून त्याला हे नाव मिळाले. 1893 साली हे अरण्य राखीव उद्यान म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ 7,600 चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ आपल्या कोल्हापूर जिल्ह्याएवढे आहे. दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ही सारी भूमी बर्फाच्या प्रचंड थराखाली दडलेली होती. सरकणाऱ्या बर्फाने खडक घासले, खळगे कोरले. पुढे बर्फ वितळला आणि खळगे पाण्याने भरले. त्यामुळे आज या अरण्यात दीड हजारांहून अधिक सरोवरे आहेत.

उन्हाळ्यात शाळांना सुट्टी लागली, की अनेक कुटुंबे तंबू, अंथरुणे आणि शिधा घेऊन या सरोवरांच्या काठी राहावयास येतात. चला, मुलांनो, आपणही मनाने तेथे जाऊ. जुलै महिना आहे. ‘टू रिव्हर्स’ नावाच्या सरोवराकाठी, उंच पाइन वृक्षांच्या छायेत, आपण तंबू ठोकला आहे. समोर संथ पाणी पसरले आहे. त्यावरून ‘कनू’ नावाची निमुळती होडी हळूच सरकत आहे. भूर्जाच्या कुळातील वृक्षाची साल लाकडी सांगाड्यावर ताणून अल्गाँक्विन लोक ही होडी तयार करीत. ती इतकी हलकी असे, की एक सरोवर संपले म्हणजे ती खांद्यावर घेऊन पायवाटेने दुसरे सरोवर गाठता येई. आज होड्या निराळ्या पदार्थांच्या होतात. पण खांद्यावरून नेण्याची रीत तीच आहे.

आता शेकोटी पेटवावयाची. पण लाकूड आणावयाचे कोठून? घरून मोळी बांधून येथे आणू नये. त्याचे कारण एक लहानसा, चकाकता हिरवा भुंगेरा. तो मूळचा पूर्व आशियातला. 2002 साली तो उत्तर अमेरिकेत प्रथम आढळला. त्याच्या अळ्या ‘अ‍ॅश’ वृक्षाच्या सालीखाली राहून रसवाहिन्या पोखरतात आणि भला थोरला वृक्ष काही वर्षांत वाळून जातो. असे कोट्यवधी वृक्ष आजवर मेले. भुंगेरा स्वतः फार दूर उडत नाही. त्याला दूरवर पोहोचवले ते माणसांनी, सरपणाच्या मोळीतून! म्हणून येथे मिळेल तेच सरपण वापरावयाचे.

सूर्य मावळता मावळता रात्रीचे नऊ वाजतात. जेवण आटोपते, डोळ्यांवर झोप येते. समजा, आपल्यापैकी एकाने अर्धा पाव बाकावर तसाच ठेवला आणि तो म्हणाला, “सकाळी उचलू. एवढ्याशा पावाने काय बिघडते?”

काय बिघडते, ते पाहू. या अरण्यात काळी अस्वले राहतात. हिवाळ्याचे पाच-सहा महिने ती काही न खाता गुहेत किंवा ढोलीत निजून काढतात. तेवढ्या काळाची चरबी त्यांना उन्हाळ्यात आणि शरदात अंगी साठवावी लागते. म्हणून रानफळे, कोवळा पाला, मुंग्या, कठीण कवचाची फळे अशा पदार्थांच्या शोधात ती दिवसभर हिंडतात. त्यांचे नाक विलक्षण तीक्ष्ण असते. दिवसभर श्रमून जे मिळावयाचे, ते तंबूपाशी क्षणात मिळते, हे एकदा कळले, की अस्वल ते विसरत नाही. ते पुन्हा येते. माणसाविषयीचे त्याचे स्वाभाविक भय कमी होत जाते. मग ते डबे फोडते, तंबू फाडते. वनरक्षक त्याला हाकलतात. कधी पकडून दूर नेऊन सोडतात. तरी पुष्कळदा ते परत फिरते. अखेरीस माणसांच्या जिवाला धोका नको, म्हणून त्याला ठार मारावे लागते. पाव कोणी टाकला, हे त्या अस्वलाला कधीच कळत नाही. आणि पाव टाकणारा तर केव्हाच आपल्या घरी पोहोचलेला असतो.

म्हणून निजण्यापूर्वी सारे खाद्यपदार्थ मोटारीत बंद करून ठेवतात. जेथे मोटार जात नाही अशा आतल्या सरोवरांवर शिध्याची पिशवी दोरीने उंच, झाडाच्या बुंध्यापासून दूर टांगतात. शेकोटीवर पाणी ओततात, राख ढवळतात, पुन्हा पाणी ओततात. राख हाताला थंड लागेपर्यंत हे काम पुरे झाले, असे मानीत नाहीत. कारण विस्तव कुजलेल्या पाल्याच्या थरात शिरून आतल्या आत धुमसत राहतो. भांडीही सरोवरात घासावयाची नसतात. साबणाचे पाणी काठापासून दूर, जमिनीवर टाकावयाचे असते.

सारे निवांत झाले, की अंधारातून एक दीर्घ, आर्त सूर पाण्यावरून येतो. ऐकणारा दचकतो. ही लून नावाच्या पक्ष्याची साद. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर 1987 पासून याच पक्ष्याचे चित्र आहे. त्याचे पाय शरीराच्या अगदी मागच्या बाजूस असतात. त्यामुळे तो पाण्यात उत्तम बुडी मारतो. पण जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. म्हणून तो पाण्याला लागूनच घरटे करतो. कुतूहलाने कोणी होडी फार जवळ नेली, तर तो अंडी टाकून पाण्यात उतरतो आणि अंडी उघडी पडतात.

याच अरण्यात लांडगेही आहेत. एके काळी त्यांना शत्रू समजून मारीत असत. परंतु 1963 पासून ऑगस्टमधील काही रात्री शेकडो माणसे रस्त्याकडेला निःशब्द उभी राहतात. जाणकार मार्गदर्शक लांडग्याप्रमाणे ओरडतो, आणि दैव अनुकूल असेल, तर अंधारातून खरे लांडगे त्याला उत्तर देतात. ज्याला मारावयाचे, त्याचीच साद ऐकण्यासाठी श्वास रोखून थांबावयाचे, हे माणूस शिकू शकला!

सकाळी धुक्यातून सरोवर उजळते. तंबू काढला जातो, जागा झाडली जाते. काल रात्री बाकावर राहणारा तो अर्धा पाव आपल्या डब्यात आहे. रात्री एखादे अस्वल या बाजूने गेलेही असेल. पण त्याला येथे काही मिळाले नाही, म्हणून ते आपल्या वाटेने रानफळांकडे गेले. त्याचे प्राण आपण वाचवले, असे कोणी म्हणणार नाही, आणि त्या अस्वलाला तर त्याची वार्ताही नाही. अरण्यातील पाहुण्याने यजमानाचे आभार मानावयाचे ते असेच.

स्वाध्याय

1. या उद्यानात बाहेरून सरपण का आणू नये?
2. “एवढ्याशा पावाने काय बिघडते?” या प्रश्नाचे उत्तर आपल्या शब्दांत लिहा.
3. लून पक्षी पाण्याला लागूनच घरटे का करतो?
4. आपल्या गावाजवळील नदी, तळे किंवा डोंगर येथे सहलीस जाताना कोणते नियम पाळाल? त्यांची कारणे सांगा.