कान ठणकतो तेव्हा

भुसावळजवळ दीपनगरला विजेचे मोठे केंद्र आहे. तिथे कोळसा जाळून वीज तयार करतात. अशा यंत्रांचा आवाज फार मोठा असतो. म्हणून यंत्राजवळ काम करणाऱ्याने कानांवर झाकण घालायचे असते. मोठ्या आवाजाने ऐकू येणे कमी होते.

कामावर आपण आपले कान जपतो. मग घरातल्या लेकराच्या कानाचे काय? त्याचा कान बहुतेक वेळा आवाजाने नाही, तर साध्या सर्दीने दुखतो. हे दुखणे कसे होते, ते आज आपण शिकू या.

कानात एक पातळ पडदा असतो. डफावर चामडे ताणलेले असते ना, तसा. आवाज आला की पडदा थरथरतो आणि आपल्याला ऐकू येते. पडद्याच्या आत एक लहान पोकळी आहे. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे उघडते. लहान मुलांची ही नळी आखूड आणि आडवी असते. सर्दी झाली की नळी सुजून बंद होते. नाकातले जंतू आत शिरतात. पोकळीत पू साचतो. पडदा लाल होतो, फुगतो आणि ठणका लागतो.

निजल्यावर ठणका वाढतो. पोर रात्री रडते, कान ओढते. अंगात ताप असतो. कधी कधी पडदा फाटून पू बाहेर येतो. यालाच आपण ‘कान फुटला’ म्हणतो. पू वाहिला की ठणका थांबतो. पण दुखणे संपले, असे समजू नका.

अशा वेळी कोणी म्हणते, “लसूण घालून तेल गरम करा अन् कानात सोडा.” तसे करू नका. सूज पडद्याच्या आत आहे. तेल तिथे पोचत नाही. पडदा फाटलेला असेल तर मात्र तेल आत जाते आणि नुकसान करते. काडी, पिन, कानकोरणेही कानात घालू नका.

मग काय करावे?

१. ताप व ठणका यांवर पॅरासिटामॉल द्यावे. किती द्यायचे, ते मुलाच्या वजनावर ठरते. डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारावे.

२. डॉक्टरांना कान दाखवावा. ते बॅटरीच्या दुर्बिणीने पडदा पाहतात. पुष्कळ मुले दोन-तीन दिवसांत आपोआप बरी होतात. सर्वांनाच जंतुनाशक औषध लागत नाही. पण दिले, तर सांगितलेले सर्व दिवस द्यावे. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

३. कान वाहत असेल तर स्वच्छ, मऊ कापडाची वात करून पू टिपावा. वात ओली झाली की बदलावी. कानात पाणी जाऊ देऊ नये. नदीत, विहिरीत पोहू देऊ नये.

कानामागे सूज आली, तोंड वाकडे झाले, मान ताठली किंवा पोर गुंगीत गेले, तर त्याच घडीला दवाखाना गाठावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही वाट न पाहता न्यावे. जळगावला २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथे मोठ्या उपचाराची सोय आहे.

कान दोन आठवड्यांहून जास्त वाहिला, तर पडद्याचे भोक तसेच राहू शकते. मग ऐकू कमी येते. असे पोर हाक मारली तरी वळत नाही. शाळेत मागे पडते. आपण त्याला ‘ढ’ म्हणतो, ‘ऐकत नाही’ म्हणून रागावतो. खरे तर त्याला ऐकूच येत नसते! कान वेळेवर दाखवला, तर हे टळते.

दुखणे होऊ नये म्हणूनही काही करता येते. बाळाला अंगावर पाजावे. आडवे निजवून बाटली देऊ नये. बिडीचा आणि चुलीचा धूर त्याच्यापासून दूर ठेवावा. न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते. ती ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने या वयांत देतात. ती चुकवू नये.

प्रश्न

१. सर्दीचे जंतू कानात कोणत्या वाटेने जातात?
२. ठणकणाऱ्या कानात तेल का घालू नये?
३. तुमच्या घरात कोणाचा कान वाहतो का? किती दिवसांपासून?